दोन देणग्या, दोन अटी

आजचा विषय आहे रुग्णालयात कामाला कोण असतं आणि कोण नसतं हा. आपण बोलणार आहोत मुंबईबद्दल, आणि तेही दोन देणग्यांच्या निमित्ताने.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. शेजारी सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं जे.जे. रुग्णालय. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी लाड होते. म्हणजे हिंदी माणूस डॉक्टर होऊ शकतो का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता. खरा प्रश्न पुढचा होता. त्याला खुर्ची कुठली मिळणार?

इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून हिंदी लोकांनाही खुली झाली. कागदावर दार उघडं होतं. पण परीक्षा लंडनला! बोटीचं भाडं, तिथला मुक्काम, शिवाय समुद्र ओलांडला म्हणून जातीचा रोष. नियमात भेदभाव लिहिलेला नव्हता, तरी प्राध्यापकांच्या आणि मोठ्या सर्जनांच्या जागा बहुतेक युरोपियनांकडेच राहिल्या.

आता पहिली देणगी. १८८० च्या दशकात पेस्तनजी होरमसजी कामा यांनी स्त्रिया आणि मुलांसाठी रुग्णालय बांधायला पैसे दिले. अट अशी की रुग्णालय स्त्री डॉक्टरांच्या हाती असलं पाहिजे. इंग्लंडहून एडिथ पेची आल्या. या बाईंनी एडिंबराला रसायनशास्त्रात पहिला क्रमांक मिळवला होता, आणि केवळ स्त्री म्हणून त्यांना होप शिष्यवृत्ती नाकारली गेली होती. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. जिथे मायदेशी दार बंद झालं, तिथल्या बाईला मुंबईत अधिकाराची जागा मिळाली.

दुसरी देणगी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांची. परळला १९२६ मध्ये के.ई.एम. रुग्णालय आणि जी.एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं ते याच पैशातून आणि महापालिकेच्या साथीने. अट काय? शिकवणारे सगळे पात्र आणि स्वतंत्र हिंदी असावेत, सरकारी नोकरीतले नसावेत. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

आता या दोन्हींत सारखं काय ते बघा. ‘सर्वांना संधी द्यावी’ असा सदिच्छेचा ठराव कुणी केला नाही. पैसा दिला, आणि त्याला नेमणुकीची अट जोडली. लायक माणसं आधीपासून होती. खुर्ची मात्र अटीमुळे मिळाली.

पण इथेच थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितला असं होईल. कामा रुग्णालयाची सूत्रं सुरुवातीला युरोपियन बाईंकडे होती. रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या, पण त्यांची बहुतेक कारकीर्द सुरत आणि राजकोटला गेली. आणि के.ई.एम.च्या अटीत ‘हिंदी’ म्हणजे प्राध्यापक. या शहरात झाडू-मैल्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या वाट्याला होतं. वॉर्डातली फरशी कोण पुसणार आणि त्याच्या मुलाला वर्गात जागा कधी मिळणार, याबद्दल अट गप्प आहे. अट जे लिहिते तेवढंच दार उघडते. बाकीची दारं जुन्या सवयीनेच चालतात.

म्हणून आज एखादं रुग्णालय ‘आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे’ म्हणतं तेव्हा आपण एवढंच विचारावं: कुठल्या जागेवर? विभागप्रमुखाच्या, की रात्रपाळीच्या? आणि ते कुठे लिहून ठेवलंय? कामांनी आणि गोरधनदासांच्या विश्वस्तांनी निदान लिहून ठेवलं होतं. त्यामुळेच आज आपण त्याचा हिशेब मागू शकतो, आणि त्यातलं काय राहून गेलं तेही दाखवू शकतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.