हलशीचे ताम्रपट आणि बाईचा मोक्ष

आपल्या घरांत एक वाक्य बाळगुटीबरोबरच मिळते : बाईच्या जन्माला मोक्ष नाही. नोंपी करा, उपवास करा, दशलक्षण पाळा, पुण्य बांधा. पुढच्या जन्मी पुरुष व्हाल, मुनी व्हाल, मग बघू. हे सांगणारी बहुतेक वेळा बाईच असते. आज्जी सांगते, सासू सांगते. कुणाला दुखवायचे म्हणून नाही सांगत. पावसाळ्यात पाऊस पडतो, तसेच हे आहे असे तिला वाटते.

या वाक्याच्या पोटात दोन समजुती आहेत. एक, शास्त्राने हे ठरवून टाकले आहे. दुसरी, आपल्या भागातले जैन पहिल्यापासून हेच मानत आले. पहिलीचा निवाडा करणारी मी कोण? पण दुसरी ही इतिहासाची गोष्ट आहे आणि इतिहास तपासता येतो. त्यासाठी फार लांब जायला नको. उचगावहून बेळगाव, बेळगावहून खानापूर तालुक्यातली हलशी, एवढ्या टापूत पुरेसा पुरावा पडून आहे.

हलशीला आज लोक जातात ते भूवराह नरसिंहाचे देऊळ बघायला. पण दीड हजार वर्षांपूर्वी या गावाचे नाव पलाशिका होते आणि कदंब राजांचे ते मोठे ठाणे होते. एकोणिसाव्या शतकात इथे कदंबांचे ताम्रपट सापडले. फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने ते वाचून छापले. त्यांतल्या एका ताम्रपटात मृगेशवर्मा राजाने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधल्याचे आणि तेहतीस निवर्तने जमीन दान दिल्याचे लिहिले आहे. दान कुणाला? यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तीन संघांना. त्याच्या मुलाच्या, रविवर्म्याच्या लेखात दर वर्षी कार्तिकात आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव करावा आणि पावसाळ्याचे चार महिने यापनीय तपस्व्यांच्या आहाराची सोय व्हावी, अशी व्यवस्था आहे. म्हणजे आपली अष्टान्हिका आणि आपला चातुर्मासच की! फक्त ज्यांच्यासाठी हे सगळे केले, त्या यापनीयांचे नाव आज आपल्या कुणाच्या कानावर येत नाही.

कोण होते हे यापनीय? त्यांचे मुनी दिगंबर, म्हणजे नग्न राहत. हातात मोरपिसांची पिंछी असे, हाताच्या ओंजळीतच आहार घेत. मूर्ती पूजत त्याही दिगंबर. बस्तीत शेजारी उभे राहिले असते तर तुम्हा-आम्हाला फरक कळला नसता. पण दोन-तीन गोष्टींत त्यांचे मत वेगळे होते, आणि त्यांतली एक ही, की स्त्रीला त्याच जन्मात, स्त्रीदेहानेच, मोक्ष मिळू शकतो.

हा काही चार दिवसांचा पंथ नव्हता. हलशीचे ताम्रपट इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातले. सौंदत्तीच्या ९८० सालच्या लेखात यापनीयांच्या कंडूर गणाचा उल्लेख येतो. बेळगावच्या दोड्डबस्तीतल्या नेमिनाथांच्या मूर्तीच्या पीठावर लेख आहे. यापनीय संघाच्या पारिसय्याने १०१३ साली मंदिर बांधल्याची ती नोंद. आणि कागवाडच्या बस्तीतल्या भुयारात १३९४ सालचा लेख आहे, त्यातही यापनीय मुनींची नावे आहेत. पाचव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत म्हणजे नऊशे वर्षे झाली. नऊशे वर्षे या मातीत असे मुनी चातुर्मास करत होते, जे समोर बसलेल्या श्राविकेला सांगू शकत होते, की बाई, तुला पुढच्या जन्माची वाट बघायची गरज नाही.

पुढे हा संघ हळूहळू दिगंबर परंपरेत मिसळून गेला. बस्त्या राहिल्या, मूर्ती राहिल्या, नाव पुसले गेले. दोड्डबस्तीतल्या नेमिनाथांसमोर आपण हात जोडतो, अर्घ्य चढवतो. ज्यांनी ते मंदिर उभारले त्यांचे मत मात्र आपल्याला ठाऊक नसते.

ते पुन्हा उजेडात आणणारा माणूसही आपल्याच भागातला. सदलगा म्हटले की आपल्याला आचार्य विद्यासागर महाराज आठवतात. त्याच सदलग्यात १९०६ साली आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये जन्मले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते अर्धमागधी शिकवत. मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३३ साली त्यांनी यापनीय संघावर एक निबंध लिहिला. जुने लेख, ताम्रपट, पोथ्यांतले उल्लेख, अगदी विरोधकांनी केलेली निंदासुद्धा त्यांनी एकत्र मांडली. चाळीस वर्षांनी, १९७४ साली, त्यांनी त्याच विषयावर पुन्हा लिहिले, कारण मधल्या काळात आणखी पुरावा हाती आला होता. उपाध्ये स्वतः दिगंबर घरातले. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची त्यांची आवृत्ती आजही अभ्यासक वापरतात. ज्या आचार्यांवर श्रद्धा, त्यांच्या मताच्या विरुद्धचा पुरावाही त्यांनी दडवला नाही. श्रद्धा आणि शोध एका घरात नांदू शकतात, हे या माणसाकडे बघून पटते.

आता वाद नेमका कसा होता ते बघू. स्त्रीला मोक्ष नाही म्हणणाऱ्यांची मुख्य कारणे तीन. पहिले वस्त्राचे. बाई नग्न राहू शकत नाही, वस्त्र म्हणजे परिग्रह, आणि परिग्रह असेपर्यंत पूर्ण महाव्रत नाही. दुसरे शरीराचे. बाईच्या काखेत, नाभीत, स्तनांच्या मध्ये आणि योनीत सूक्ष्म जीव उपजतात आणि मरतात, म्हणून तिच्या हातून हिंसा टळत नाही. त्यात मासिक पाळी. तिसरे कारण तर्काचे. बाई सातव्या नरकात जात नाही, असे सगळेच मानतात. मग जिला टोकाचे पाप जमत नाही, तिला टोकाचे पुण्य तरी कसे जमणार?

याला सविस्तर उत्तर दिले ते शाकटायनांनी. त्यांचे दुसरे नाव पाल्यकीर्ती. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेलेले हे यापनीय आचार्य मोठे व्याकरणकार. आपल्या व्याकरणावरच्या टीकेचे नाव त्यांनी राजावरून अमोघवृत्ती ठेवले. त्यांनी ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ हा छोटा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे. मोक्षाचे कारण रत्नत्रय. सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र्य आणि बाईपण ही एकत्र राहू शकत नाहीत याला पुरावा काय? उजेड आणि अंधार एका जागी राहत नाहीत, तसे हे दिसते का? वस्त्राचे म्हणाल, तर वस्तूवरची आसक्ती म्हणजे परिग्रह. पिंछी जशी संयमासाठी, तसे आर्यिकेचे वस्त्रही संयमासाठीच. आणि नरकाचे गणित तर जुळतच नाही. कुठला प्राणी दुसऱ्या नरकापर्यंत जातो, कुठला तिसऱ्या, कुठला चौथ्या-पाचव्या. पण वर जाताना ते सगळे एकाच स्वर्गापर्यंत पोचतात. खाली जाण्याच्या शक्तीवरून वर जाण्याची शक्ती मोजायची नसते. ब्राह्मी, सुंदरी, राजीमती, चंदना यांची नावे घेऊन ते विचारतात, यांच्या धैर्यात कमी काय होते?

अकराव्या शतकात प्रभाचंद्राचार्यांनी याचे खंडन केले, तेही तोडीस तोड. पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. पुरुष आचार्य बाईच्या बाजूने उभा राहतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि शेकडो वर्षे हा वाद चालतो. ज्याचा निकाल आधीच लागला आहे, त्यावर कुणी इतकी शतके वाद घालत नाही.

शरीराच्या कारणाकडे मात्र आपण आजच्या डोळ्यांनी बघू शकतो. सूक्ष्म जीव सगळीकडे आहेत हे जैनांनी फार आधी सांगितले, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाच. हॉलंडच्या लेवेनहुकने स्वतः घडवलेल्या भिंगातून जंतू पाहिले ते १६७६ च्या सुमारास. पण त्या भिंगाने आणखी एक दाखवले : हे जीव बाईच्या अंगावर आहेत तसेच पुरुषाच्या अंगावर, तोंडात, आतड्यांत आहेत. २०१६ साली शास्त्रज्ञांनी नवा हिशेब मांडला, की सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. हिशेबाला नमुना म्हणून जो माणूस धरला होता, तो पुरुष होता. त्याआधी कित्येक वर्षे पुस्तकांत छापले जाई, की जिवाणू पेशींच्या दहापट असतात. तीही समजूतच होती. कुणीतरी अंदाजाने मांडलेली, बाकीच्यांनी उचललेली. मोजल्यावर ती गेली.

पाळीचेही तसेच. ‘बाजूला’ बसलेल्या बाईने लोणच्याच्या बरणीला शिवू नये, ते नासते, हे आपण ऐकत आलो. हे अडाणी खेड्यातलेच असेल असे वाटते ना? घटसर्पाची चाचणी शोधणारे बेला शिक हे नामांकित डॉक्टर. त्यांनी १९२० साली व्हिएन्नात लिहिले, की पाळीतल्या बाईच्या हातातली फुले लवकर कोमेजतात, तिच्या अंगात त्या दिवसांत विष असते. त्या विषाचा शोध पुढे कित्येक वर्षे चालला. सापडले काही नाही. गर्भाशयाचे अस्तर आणि रक्त दर महिन्याला बाहेर पडते, एवढाच तो व्यवहार. पदवी असली म्हणून समजूत सुटतेच असे नाही; ती सुटते कुणीतरी खरेच तपासून बघितल्यावर.

तपासण्याचे आणखी एक उदाहरण आपल्या आगमातलेच आहे. षट्खंडागम हा दिगंबरांचा सगळ्यात जुना सिद्धांतग्रंथ. धवला टीकेसह त्याचा पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून निघाला; संपादक प्रा. हीरालाल जैन. त्यातल्या त्र्याण्णवाव्या सूत्रात मनुष्यिणीला, म्हणजे मानवी स्त्रीला, कोणती गुणस्थाने असतात ते सांगितले आहे. छपाईसाठी मिळालेल्या नकलेत तिथे एक शब्द गळला असावा असे संपादकांना वाटले. तो शब्द ‘संजद’, म्हणजे संयत, पूर्ण संयम पाळणारा. मोठा गदारोळ झाला. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी पडताळून पाहिले, तर तिथे शब्द होता. परंपरा त्याचा अर्थ भावस्त्री असा लावते, म्हणजे देहाने पुरुष पण भावाने स्त्री. तो अर्थ कुणाला मान्य असेल, कुणाला नसेल. पण शब्द आहे की नाही, हे मतावर ठरत नाही. त्यासाठी ताडपत्रच उघडावे लागते.

कुणी विचारेल, एवढे कशाला उकरायचे? जंबूस्वामींनंतर या भरतक्षेत्रातून कुणालाच मोक्ष नाही. पंचम काळात पुरुषालाही नाही. हे दोन्ही बाजू मानतात. मग आज भांडण कशाचे?

मला वाटते, इथेच खरी मेख आहे. मोक्षाचे दार तर सगळ्यांनाच बंद आहे, पण त्या वाक्याचा हिशेब बाईकडूनच वसूल होतो. ‘बाईचा जन्म हलका’ हे एकदा मनात बसले, की मुलीच्या शिक्षणाचा पैसा मुलाच्या शिक्षणाकडे वळतो, बस्तीच्या कमिटीत बाईची खुर्ची नसते, शास्त्रसभेत तिने प्रश्न विचारला की सगळे मागे वळून बघतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिलाच वाटू लागते, की आपले हे जगणे म्हणजे पुढच्या जन्माच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसणे.

आपल्या समाजाने असे समज आधीही सोडले आहेत. निपाणीजवळच्या स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा सुरू झाली, ती आजची दक्षिण भारत जैन सभा. शिकलेल्या लोकांनी तिथे बसून समाजाच्या शिक्षणाचा विचार सुरू केला. मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला. सोलापूरच्या श्राविकाश्रमाने विधवांच्या हाती पाटी दिली. पंडिता सुमतीबाई शहांनी तिथे आयुष्य घातले. विधवेने कोपऱ्यात बसावे हाही त्या वेळी धर्मच समजला जात होता. आज तसे कुणी म्हणत नाही, आणि धर्म काही बुडालेला नाही.

अनेकान्त आपण व्याख्यानात ऐकतो, टाळ्या वाजवतो. एका वस्तूला अनेक बाजू असतात, असे म्हणणाऱ्या धर्मात बाईकडे बघण्याची एकच बाजू कशी शिल्लक राहिली, हे आपण विचारायला हवे. कुणाशी भांडायला नको, कुणा महाराजांचा अवमान तर मुळीच नको. पाठशाळेत मुलींना कुंदकुंदाचार्य शिकवा, प्रभाचंद्र शिकवा, आणि त्यांच्या शेजारी शाकटायनही शिकवा. बेळगावला दोड्डबस्तीत गेलात तर नेमिनाथांच्या मूर्तीखालच्या त्या अक्षरांकडे मुलींचे लक्ष वेधा. सुट्टीत त्यांना हलशी दाखवा. या गावातल्या राजाने ज्यांना जमीन दिली, ते स्त्रीला मोक्षाची अधिकारी मानत होते, एवढे त्यांना सांगा. पुढचे त्या वाचतील, विचारतील आणि ठरवतील.