बियांची सफरचंदे आणि सायडर

अमेरिकेत शाळेतल्या मुलांना ‘जॉनी ॲपलसीड’ची गोष्ट सांगतात. हा माणूस खरा होता. नाव जॉन चॅपमन (१७७४–१८४५). वाटेने बिया उधळत जाणारा म्हणून चित्रांत तो दिसतो. प्रत्यक्षात पेनसिल्व्हेनियातल्या सायडरच्या घाण्यांवरून बिया आणून, ओहायो-इंडियानाकडे कुंपण घातलेल्या रोपवाटिका करून तो रोपे विकी. कलम करणे त्याला मान्य नव्हते.

पण सफरचंदाचे बियांपासूनचे झाड आईसारखे निघत नाही. फळे बहुधा बारकी, आंबट-तुरट. खायला नाहीत, तरी वाया गेली नाहीत. ठेचून, दाबयंत्रात पिळून रस पिंपात भरीत. तो आंबला की सौम्य मद्य, म्हणजे सायडर; हवा लागून पुढे आंबला की व्हिनेगर.

मुलांना गोष्टीबरोबर हा धडाही द्या. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, रायवळ निघतो. रसा-लोणच्याला तो चालतो, पण खात्रीची जात हवी तर कलमच पाहिजे. यंदा पावसाळ्यात पोरांकडून कोयी रुजवून घ्या अन् रोपे कोवळी-तांबूस असतानाच त्यांवर कोयकलम बांधून दाखवा. हाताने केलेले पोरे विसरत नाहीत.