ग्रहण, विळी आणि डोळ्यातली विरघळणारी शीर

2022 च्या दिवाळीत, 25 ऑक्टोबरला, संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. माझी भाची तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. पाहुणे यायचे होते म्हणून तिने विळीवर बसून भाजी चिरली. फेब्रुवारीत मुलगा झाला. दोनेक महिन्यांनी त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसू लागली आणि घरात सगळ्यांना एकदम ती विळी आठवली.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लांबलचक होतं, 'परसिस्टंट फीटल व्हॅस्क्युलेचर'. म्हणजे गर्भात असतानाची डोळ्यातली रक्तवाहिनी, जी जन्माआधी नाहीशी व्हायला हवी होती, ती राहून गेली. घरच्यांना मात्र ग्रहण पुरेसं होतं. भाची सगळं मुकाट्याने ऐकून घेत होती. एके दिवशी तिने मला विचारलं, "मामा, खरंच माझ्यामुळे झालं का रे?"

मी सरकारी कचेरीतला कारकून. शिक्षण बी. ए., विषय इतिहास. शरीरशास्त्रातलं मला काय कळणार? पण एखादी गोष्ट माणसाला कशी कळत गेली, हे शोधण्याची थोडीफार सवय आहे. त्याच वाटेने गेलो.

आपल्या डोळ्याचा मोठा भाग एका पारदर्शक जेलीने भरलेला असतो. मराठीत तिला काचाभ द्रव म्हणतात. जवळपास चार मिलिलिटर, आणि त्यात सुमारे 98 ते 99 टक्के पाणी. मला वाटायचं, ती पहिल्यापासून अशीच स्वच्छ असणार. तसं नाही. गर्भ पाचेक आठवड्यांचा असताना डोळ्याच्या खालच्या फटीतून एक रोहिणी आत शिरते. तिचं नाव हायलॉइड, आणि ग्रीक भाषेत 'हायलॉस' म्हणजे काच. ही शीर वाढत्या नेत्रभिंगाला रक्त पुरवते, भिंगाभोवती केशवाहिन्यांचं जाळं विणते. हा झाला पहिला, म्हणजे प्राथमिक काचाभ द्रव.

नवव्या आठवड्याच्या सुमारास दुसरा, स्वच्छ द्रव तयार होऊ लागतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. तो वाढत जातो आणि पहिल्याला मधल्या अरुंद जागेत लोटतो. भिंगाचं काम झालेलं असतं, शीर सुकत जाते. सातव्या महिन्याच्या आसपास तिच्यातलं रक्त थांबतं आणि जन्मापर्यंत तीही सहसा विरघळून जाते. उरते फक्त तिची वाट, एक बारीक नळी. पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ झ्यूल क्लोके यांनी 1818 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती 'क्लोकेची नळी'. ती तुमच्या-माझ्या डोळ्यातही आहे.

हा क्रम नीट मांडणाऱ्यांत मला एक बाई भेटल्या आणि मी चमकलोच. आयडा मान, जन्म लंडनचा, 1893 चा. त्यांची पहिली नोकरी कोणती? पोस्टाच्या बचत बँकेत कारकून! व्हाइटचॅपलमधलं एक रुग्णालय पाहायला गेल्या आणि डॉक्टर व्हायचं मनात आलं. 1914 मध्ये त्यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. 1928 मध्ये त्यांचं 'द डेव्हलपमेंट ऑफ द ह्यूमन आय' हे पुस्तक आलं. काचाभ द्रवाची प्राथमिक, दुय्यम आणि तृतीयक अशी विभागणी त्यातूनच रुळली. (तृतीयक म्हणजे भिंगाला टांगून धरणारे बारीक तंतू.) पुढे 1945 मध्ये ऑक्सफर्डने त्यांना प्राध्यापकपद दिलं. तिथे हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

हा अभ्यास कशावर झाला? अपुऱ्या दिवसांत गेलेल्या गर्भांचे पातळ काप करून, ते एकापाठोपाठ एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. त्या प्रत्येक गर्भामागे एक आई होती. त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

या ज्ञानाचा उपयोग पुढे फार मोठा झाला. बाहुलीतली पांढरी झाक डोळ्याच्या कर्करोगातही दिसते. पूर्वी त्या संशयाने असे कितीतरी डोळे काढून टाकले जात. 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्जर्नन रीस यांनी या विकाराचं वेगळं, सविस्तर वर्णन केलं. आमच्या भाचीला डॉक्टरांनी सांगितलेलं नाव त्यानंतरचं, मॉर्टन गोल्डबर्ग यांनी 1997 मध्ये सुचवलेलं.

शीर विरघळते कशी, हेही आता थोडंफार उलगडलं आहे. उंदरांच्या डोळ्यात हे साफसफाईचं काम काही भक्षक पेशी करतात, असं 1993 मध्ये दिसून आलं. 2013 च्या एका संशोधनाने तर मला हसूच आलं. गाभण उंदरीणींना शेवटच्या दिवसांत अंधारात ठेवलं, तर पिलांच्या डोळ्यातल्या या शिरा मागे राहिल्या. आणि आपण ग्रहणात गर्भारशीला अंधाऱ्या खोलीत बसवतो! अर्थात उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू करता येत नाही, आणि तासाभराच्या ग्रहणाने काही बिघडतही नाही, काही सुधारतही नाही.

बहुतेक वेळा हा दोष एकाच डोळ्यात असतो आणि घराण्यात आधी कोणालाच नसतो. आईने काय चिरलं, काय खाल्लं, कधी बाहेर पडली, याच्याशी त्याचं नातं कोणालाही आढळलेलं नाही. एक शीर जायची ती राहिली, एवढंच.

हे सगळं मी एका रविवारी तिच्या घरी जाऊन सांगितलं, मुद्दाम सगळी बसलेली असताना. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून चहा ठेवायला गेल्या. भाची रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

मुलाची शस्त्रक्रिया झाली. आता चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात, म्हणजे डावा डोळा कामाला लागेल. त्या डोळ्याची नजर किती येईल, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. पट्टी लावताना पोरगा घर डोक्यावर घेतो. हल्ली त्याला मांडीवर घट्ट धरून बसतात त्या त्याच्या आजीच.