डेबियनचे तीन संच

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थी इयान मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. जगभरचे स्वयंसेवक एकेक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून बांधतात आणि त्यांची जुळवाजुळव होऊन प्रणाली उभी राहते. या रचनेत वापरणाऱ्याच्या निवडीला मान आहे. ईमेल पोचवण्यासाठी एक्झिम घ्या की पोस्टफिक्स. ज्या पॅकेजला अशा प्रोग्रामची गरज असते ते एकाचेच नाव धरून बसत नाही, टपाल पोचवणारा कोणीही त्याला चालतो.

निवड वाढली तसे प्रश्नही वाढले. कोणते पॅकेज कोणाबरोबर नीट चालते हे तपासायचे कोणी? सुरुवातीला लोकांनी वापरायचा ‘स्टेबल’ आणि काम चालू असलेला ‘अनस्टेबल’ असे दोनच संच होते. प्रकाशनाची वेळ आली की अनस्टेबल गोठवायचा आणि त्यातले दोष महिनोन्‌महिने निस्तरत बसायचे. डिसेंबर २००० मध्ये ‘टेस्टिंग’ हा मधला संच आला. नवे पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये जाते आणि निकडीप्रमाणे साधारण दोन, पाच किंवा दहा दिवस तिथे थांबते. त्या मुदतीत नवा गंभीर दोष निघाला नाही, त्याला लागणारी पॅकेजे टेस्टिंगमध्ये हजर असली आणि त्याच्या येण्याने दुसरे काही मोडत नसले, तर एक प्रोग्रामच त्याला पुढे सरकवतो. माणसाच्या मर्जीला यात फारसा वाव नाही, हेच या पद्धतीचे बळ. आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातून येतात. अनस्टेबलचे नाव मात्र कायम सिड, म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा मुलगा. याहून समर्पक नाव मिळणे कठीण.

स्टेबलचा नियम कडक आहे. प्रकाशनानंतर पॅकेजची आवृत्ती सहसा बदलायची नाही. सुरक्षेतला दोष सापडला तर तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवायची. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हे पथ्यावर पडले. नवे सॉफ्टवेअर हवे असणाऱ्यांचा मात्र धीर सुटला, कारण जुलै २००२ नंतरची आवृत्ती उजाडायला जून २००५ लागला. तोवर, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच अनस्टेबलवरून दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढणारी उबुंटू अवतरली होती.

निवडीची खरी किंमत दिसली ती सिस्टमडीच्या वादात. संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा हा प्रोग्राम टपालाच्या प्रोग्रामसारखा सहज बदलता येत नाही. इतर अनेक पॅकेजे त्याच्यावर विसंबतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीची मते चार-चार अशी विभागली गेली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. नाराजांनी वेगळे होऊन डेव्हुआन ही प्रणाली उभारली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ मध्ये आली. डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी या विषयावर पुन्हा मतदान केले. भर सिस्टमडीवर राहील, पण पर्याय शोधणाऱ्यांना पाठिंबा असेल आणि वेगळी निवड करणाऱ्या, डेबियनवर आधारलेल्या प्रणालींशी सहकार्य केले जाईल, हा प्रस्ताव त्यात मंजूर झाला.