पत्र पोचेपर्यंत मोठा झालेला मुलगा

ऑक्टोबर १९०५. तुम्ही फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात आहात आणि समोर चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ कागद ओढून लिहायला बसले आहेत. पोशाख साहेबी, मिशा भरघोस, नजर अशी की पक्षकारानेही जपून बोलावं. अलाहाबाद हायकोर्टातले नामांकित वकील, मोतीलाल नेहरू. हिंदुस्थानात परतायला निघालेत. बरोबर पत्नी स्वरूपराणी आणि पाच वर्षांची लेक. मुलगा नाही. पंधरा वर्षांच्या जवाहरला लंडनजवळच्या हॅरोच्या शाळेत ठेवून आलेत.

खुशाल खांद्यावरून वाचा, तुम्ही त्यांना दिसत नाही. आमच्या जवळचं सगळ्यात मोलाचं धन मागे ठेवून चाललोय, असं ते मुलाला लिहितायत. प्रश्न तुझ्या पोटापाण्याचा नाही, त्याची तजवीज माझ्या एका वर्षाच्या कमाईत होईल. पण लाडापायी तुला जवळ ठेवलं तर तो आमचा स्वार्थ ठरेल, तुला खरा माणूस घडवायचाय. मुद्द्यामागून मुद्दा, अगदी कोर्टात मांडावा तसा. वाचता वाचता तुमच्या लक्षात येतं की मुलाचं मन वळवायचं कामच उरलेलं नाही, तो तर हॅरोला पोचलाय. गृहस्थ स्वतःची समजूत घालतायत.

याच बापाच्या टेबलावर एकदा दोन फाउंटन पेनं होती. एकाच माणसाला दोन कशाला लागतात, असं वाटून पाच-सहा वर्षांच्या जवाहरने एक उचललं. शोध झाला, चोरी उघडकीला आली, आणि मार असा बसला की पुढे कित्येक दिवस अंगाला मलमं लावावी लागली. हे त्यानेच आत्मचरित्रात सांगितलंय. समोर असताना छडी आणि दूर गेल्यावर शाई, ही त्या पिढीच्या बापांची रीतच होती. तुमच्या आजोबा-पणजोबांची जुनी पत्रं घरात असतील तर काढून बघा.

आता अलाहाबादला चला. नेहरूंच्या घरी, आनंदभवनात, विलायती टपालाचा दिवस म्हणजे घाईचा दिवस. वडिलांचं पत्र इंग्रजीत, आईचं हिंदीत. तिकीट एक आण्याचं. १८९८च्या नाताळापासून हिंदुस्थानातून विलायतेला साधं पत्र एवढ्यात जातं. मग आगगाडीने मुंबई, तिथून आठवड्याची टपालबोट, एडन, सुएझ, युरोपचा किनारा, पुन्हा आगगाडी, आणि मग लंडन. अडीच आठवडे धरा. उत्तराला तेवढेच. म्हणजे ‘सर्दी बरी झाली का?’ या प्रश्नाचं उत्तर हाती पडेपर्यंत पाच आठवडे उलटलेले, आणि मुलाला एखादी नवी सर्दी झालेली.

हा विलंब नीट लक्षात ठेवा. या पत्रव्यवहारातली बरीचशी माया आणि जवळजवळ सगळी गंमत त्यात आहे.

उदाहरणार्थ १४ नोव्हेंबर १९०५. जवाहरचा सोळावा वाढदिवस. लहानपणी या दिवशी त्याला मोठ्या तराजूत बसवून गव्हाच्या पोत्यांनी तोलायचे आणि धान्य गरिबांना वाटायचे. यंदा पारडं रिकामं. पण त्याच दिवशी आनंदभवनात त्याला धाकटा भाऊ होतो. ते बाळ महिनाभरसुद्धा जगत नाही. टपालाच्या हिशेबाने मुलाचं उत्तर घरी येईल तेव्हा घराला सुतक. बातमी कळवायला तार होती, पण तारेत शब्दागणिक पैसे. आईला जे लिहायचं असतं ते तारेत मावत नाही.

आता हॅरो. टेकडीवरची शाळा, मुलांच्या डोक्यावर चपट्या गवती टोप्या. इथे तो ‘जो’. हिंदी मुलं चार-पाचच. त्याच्याच वसतिगृहात बडोद्याच्या गायकवाडांचा मुलगा आहे, वयाने बराच मोठा आणि क्रिकेटमुळे सगळ्यांचा लाडका. त्यामुळे दूरच्या मुलखात एक मराठी घराणं तुमच्या ओळखीचं निघतं.

जो घरी काय लिहितो? विमानांबद्दल! राइट बंधूंच्या आणि सांतोस-द्युमाँच्या बातम्यांनी तो इतका भारावलाय की वडिलांना कळवतो, लवकरच मी शनिवार-रविवारी विमानाने घरी चक्कर मारून जाईन. हे पत्र मात्र बोटीने, अडीच आठवड्यांनी. घराची आठवण येते असं सरळ लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं लिहिलंय, असं माझं मत.

पण घरून येणाऱ्या बातम्यांत आता दुसरंच काही असतं. वंगभंग, स्वदेशी, बहिष्कार. १९०७ साली लाला लजपतराय आणि अजितसिंग यांची हद्दपारी. पुण्याहून टिळकांचं नाव वरचेवर. शाळेत हे बोलायला कोणी नाही. अभ्यासातल्या यशाबद्दल बक्षीस म्हणून इटलीच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीवरचं पुस्तक मिळतं आणि मुलाच्या डोक्यात इटली आणि हिंदुस्थान एक होऊन बसतात. त्याच साली ऑक्टोबरात तो केंब्रिजला जातो. वडील मवाळ, मुलगा मनाने जहाल. एका पत्रात तो वडिलांना सुनावतो की तुमच्या राजकारणावर ब्रिटिश सरकार अगदी खूष झालं असेल.

मोतीलाल संतापतात. इतके, की मुलाला विलायतेतून ताबडतोब परत बोलवावं असं त्यांच्या मनात येऊन जातं. तुम्ही त्या क्षणी आनंदभवनात असाल तर जरा लांबच उभे राहा.

मला विचाराल तर त्यांना राग राजकारणाचा कमी आणि वयाचा जास्त आला. ते दर आठवड्याला हॅरोला मागे ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला लिहीत होते. तिकडे पाकीट फोडणारा दर वेळी थोडा मोठा झालेला असे, आणि एके दिवशी भलत्याच तरण्याताठ्या माणसाचं उत्तर आलं. बोलावणं काही गेलं नाही. टपाल चालूच राहिलं, पैसेही जात राहिले, आणि १९१२ साली मुलगा बॅरिस्टर होऊन परतला.

ही पत्रं छापील मिळतात, पण दोन ठिकाणी विभागून: मुलाची जवाहरलालांच्या निवडक वाङ्मयाच्या पहिल्या खंडात, बापाची मोतीलालांच्या. नुसतं एकच पुस्तक हाती धरू नका. दोन्ही शेजारी ठेवा आणि तारखा जुळवत वाचा.