बांधावरची बोरे

आपल्या इतिहासात आंब्याला मोठा मान आहे. कोणत्या सरदाराने कोठे आमराई लावली, कोणत्या देवस्थानाला ती इनाम दिली, याची चर्चा विद्वान मंडळी आवडीने करतात. बोराची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. कारण उघड आहे. जुनी बोरी कोणी हौसेने लावलेली नसे. शेरडांनी किंवा पाखरांनी बोर खावे, बी कोठेतरी टाकावी आणि पाचसहा वर्षांनी पाहावे तो बांधावर काटेरी झाड उभे! जे कोणी लावले नाही त्यावर सारा नाही, आणि ज्यावर सारा नाही ते दप्तरात यायचे कसे?

आमच्या सोलापूर भागात तर हे झाड पावलोपावली. अक्कलकोटाकडे वाहत जाणाऱ्या नदीचे नावच मुळी बोरी. नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या वेळी पाणीमहाल बांधला गेला, तो याच नदीला बांध घालून. हैदराबादच्या वाटेवर बोरामणी आहे, आणि बोरगावे तर किती, ती मोजीत बसू नये. पाऊस कमी, जमीन मुरमाड, अशा ठिकाणी बोरीची मुळे खोल उतरतात. उन्हाळ्यात ती पाने झाडून टाकते, पावसाळ्याच्या अखेरीस फुलते आणि थंडीत पिकते. तिचे काटेही जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकडा. सरळ काटा हाताला बोचतो आणि वाकडा सदरा धरून ठेवतो. शिक्षकाचा पेशा असल्यामुळे सांगतो, पौष महिन्यात वर्गातल्या फाटक्या बाह्या पाहून कोणता मुलगा काल कोठे होता, हे न विचारताच कळत असे.

याबाबतीत विलायतेतले शिक्षकही आमचेच भाऊबंद. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या तिकडच्या खेडेगावच्या शाळांच्या रोजनिशांत मुले गैरहजर असल्याच्या नोंदी सापडतात, आणि कारण दिलेले असते ब्लॅकबेरी वेचायला गेल्याचे. हे फळही कुंपणाच्या काटेरी वेलींवर आपोआप येणारे, गरिबाच्या मुरंब्याचे. सप्टेंबरअखेर येणाऱ्या सेंट मायकेलच्या सणानंतर सैतान त्यावर थुंकतो, म्हणून ते खाऊ नये, अशी तिकडे समजूत. आमच्या बोराला असा शाप नाही. उलट संक्रांतीच्या सुगडात ऊस, हरभरा, गाजर यांच्या शेजारी त्याची जागा ठरलेली. भोगीच्या भाजीत ते हवे, तान्ह्या मुलाच्या बोरन्हाणात हवे, आणि उरलेली बोरे वाळवून कुटली की बोरकूट. शबरीच्या उष्ट्या बोरांची कथा तर आपण सर्वांनी ऐकलेली. परंतु वाल्मीकीच्या रामायणात ती नाही. तेथे शबरी रामाला पंपातीरावरचे रानमेव्याचे जिन्नस देते, एवढेच. बोरे, आणि तीही चाखलेली, मागाहून भक्तांनी तिच्या हाती दिली. भिल्लिणीच्या ओट्यात दुसरे कोणते फळ शोभले असते?

पण हे झाले सणाचे. १८७६ साली पाऊस दगावला आणि दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्यात सोलापूर जिल्हा फार पोळला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरून राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, तेव्हा इकडे माणसे रानातला पाला उकडून खात होती. त्याच १८७७ सालात सोलापुरात जुनी गिरणी निघाली. हे तीन प्रकार एका वर्षातले आहेत, हे मुलांना सांगताना मला नेहमी थांबावे लागते. पुढे १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा खंड निघाला. त्यात डॉक्टर लिस्बोआ यांनी दुष्काळात लोकांनी खाल्लेल्या रानवनस्पतींचीही नोंद केली. रानातल्या अन्नाला सरकारी ग्रंथात जागा मिळाली ती अशी, माणसे उपाशी मेल्यानंतर.

त्याच्या तीन वर्षे आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. लहान शेतकरी पूर्वी डोंगरातली उंबरे-जांभळे खाऊन, पळस-मोहाची पानेफुले आणि जळण विकून, गायरानावर दोनचार शेरडे राखून कसा दिवस काढीत असे, ते त्यांनी सांगितले आहे. आणि जंगलखात्याने डोंगर व गायराने आपल्या ताब्यात घेतल्यावर त्याचे काय झाले, तेही. जंगलाचा कडक कायदा १८७८ चा, म्हणजे दुष्काळाच्या अगदी पाठोपाठचा! माझ्या मते त्या काळातल्या रानमेव्याबद्दल मराठीत याहून मोलाचे पान नाही. जोतीरावांना फळाची गोडी सांगायची नव्हती. ते फळ कोणाचे, हा त्यांचा प्रश्न होता.

आमच्या बांधावर हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबागांची योजना निघाली, आणि सोलापूरच्या माळावर उमराण जातीच्या कलमी बोरांच्या बागा उभ्या राहिल्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती त्यामुळे पैसा आला, हे नाकारून चालणार नाही. ज्याने पाणी घातले, छाटणी केली, त्याने राखण ठेवली तर त्याला कोण दोष देईल? पण बोराला धनी मिळाला आणि पोरांना ‘कोण रे तिकडे’ ऐकू येऊ लागले. बांधावरच्या जुन्या बोरी पुष्कळ ठिकाणी नांगराला अडतात म्हणून गेल्या. इंग्लंडात १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात, रानटी झाडाचे फळ विकण्यासाठी नव्हे तर खाण्यासाठी तोडले, तर जमीन कोणाचीही असो, ती चोरी नव्हे, असे लिहून ठेवले आहे. आमच्याकडे पूर्वी हे लिहावे लागत नसे.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आता अंड्याएवढी हिरवीपिवळी बोरे ढिगांनी असतात. त्यांच्या कडेला एखादी म्हातारी लहान पाटीत चणीबोरे घेऊन बसते. तांबडी, सुरकुतलेली, आंबटगोड. कोठून आणली म्हणून विचारले, तर गावाचे नाव सांगते, झाडाचे नाही.