जंक्शनावर वसलेलं गाव : गोंदिया

गोंदियाच्या इतिहासावर बोलायचं ठरलं, की आपल्याच गावातली शहाणी माणसं विचारतात, “सर, गोंदियाला कुठला आला इतिहास?” किल्ला नाही, राजवाडा नाही, काठावर घाट असलेली नदी नाही, पुराणात नाव नाही. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे मला उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त खटकतो. इतिहास म्हणजे जुनं काहीतरी, हे गृहीत कोणी धरलं?

बरं, जुनंच हवं असेल तर आजूबाजूला पुष्कळ आहे. आमगावजवळचं पदमपूर हेच भवभूतीचं पद्मपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. इथून जवळच कामठ्याची मोठी जमीनदारी होती. तिथल्या चिमना पटेलाने १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं, त्याचा पाडाव झाला आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. पलीकडे नवेगावबांध आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची ती परंपरा, आणि आपला धान अजून त्या पाण्यावर उभा आहे. पण या सगळ्यात गोंदिया कुठे आहे? कुठेच नाही. ते झाडीतलं एक खेडं होतं.

गोंदियाला गोंदिया केलं ते रेल्वेने. छत्तीसगडचं धान्य नागपूरपर्यंत आणायचं म्हणून नागपूर-छत्तीसगड रेल्वे घातली गेली. मीटर गेजची ती लाइन १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली. मग १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि रुंद केली. तरी तोवर गोंदिया हे वाटेवरचं एक स्टेशनच. खरी कलाटणी मिळाली ती अडीच फुटी छोट्या लाइनमुळे. १९०३ ते १९०५ या काळात ती बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला गेली. पुढच्या दहा वर्षांत दुसरा फाटा दक्षिणेला नागभीड आणि चांद्याकडे गेला. गंमत बघा, गाव वाढलं ते रुळांची रुंदी जुळत नव्हती म्हणून! छोट्या गाडीतून आलेलं पोतं मोठ्या गाडीत चढवायला उतरवावं लागे. उतरवायचं म्हणजे हमाल आला, गोदाम आलं, तोलारी आली, अडत्या आला, त्याला जेवू घालणारी खानावळ आली. १९०१ च्या खानेसुमारीत इथे साडेचार हजारांच्या आसपास वस्ती होती आणि गाव तिरोडा तहसिलीत मोडत होतं. १९२० साली इथे नगरपालिका झाली. २०११ मध्ये लोकसंख्या १,३२,८१३.

आता नावाकडे या. गोंद म्हणजे डिंक. जंगलातला डिंक आणि लाख इथे विकायला येई, म्हणून गोंदिया, असं सांगतात. काही जण गोंड समाजाशी नातं जोडतात. मी निवाडा देत नाही. पण एक लक्षात घ्या, मराठीत आपण डिंक म्हणतो, गोंद हा शब्द हिंदीतला. म्हणजे गावाचं नावच शेजाऱ्याच्या भाषेत आहे! घरात पोवारी किंवा झाडीबोली, दुकानात हिंदी, शाळेत मराठी, व्यापारी पेढीवर गुजराती, मारवाडी, सिंधी. बाहेरून आलेल्या माणसाला ही खिचडी वाटते. मला तो जंक्शनाचा स्वभाव वाटतो.

या स्वभावावर १९५६ मध्ये रेघ ओढली गेली. १ नोव्हेंबरला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा बनला तेव्हा त्यात भंडाऱ्याचाच काही भाग घातला होता. म्हणजे सोयरिकी तिकडे, बाजार इकडे, आणि मध्ये राज्याची सीमा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यानंतर पुणे आलं, रायगड आला, यायलाच हवेत. पण वैनगंगेच्या अलीकडच्या पोराला आपली आत्या पलीकडे ‘परप्रांतात’ का राहते, हे कोणत्याही धड्याने सांगितलं नाही.

आणि बिडीबद्दल बोललो नाही तर हे व्याख्यान अपुरं राहील. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता यायचा. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे फळीवर मोजून द्यायचे. पान इथलं, तंबाखू बाहेरची, आणि बोटं प्रामुख्याने बायकांची. सट्टेदार पान-तंबाखू तोलून द्यायचा, बिड्या हजाराच्या हिशेबाने मोजून घ्यायचा आणि त्यातून ‘छाट’ काढायचा. नापास झालेली बिडी, तिची मजुरी नाही. बिडी कामगारांचा कायदा १९६६ मध्ये झाला, पण अंगणात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कारखान्यातली कामगार म्हणून सिद्ध करणं सोपं नव्हतं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच धंद्यातून मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी उभी केली. या भागातली कॉलेजं त्यातून निघाली आणि शेतकऱ्यांची पहिली पिढी पदवीधर झाली. मनोहरभाईंचं नाव संस्थांवर आहे, जयंती होते, योग्यच आहे. बिडी वळणाऱ्या बाईचं नाव मात्र तिच्या कार्डावरच सापडेल, तेही घरच्यांनी जपून ठेवलं असेल तर.

जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. कलेक्टर कचेरी आली, पाट्या बदलल्या. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दिवाळीनंतरची मंडई. गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं, आणि लग्नाच्या बोलण्याही तिथेच होतात. बालाघाटचे पाहुणे अजून येतात.

छोटी लाइन आता गेली. जबलपूरचा मार्गही मोठा झाला, पोतं उतरवायचं कारण संपलं. बिडीचं काम आटत चाललं. ज्यांनी ही दोन्ही कामं केली ती माणसं आता माझ्या वयाची किंवा माझ्याहून थोर आहेत. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी बिडीचं जुनं कार्ड, अडतीची वही, रेल्वेचा पास असेल, तर रद्दीत घालू नका. आणि आजी बसली असेल शेजारी, तर छाट कशी काढायचे ते तिला आज रात्रीच विचारा. माझ्यापेक्षा ती नीट सांगेल. चला, प्रश्न घेऊ.